सोंगटीच्या पायांखालची जमीन



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं जणांना थोडें हंसूं येईल. टेबलावर मांडून खेळावयाच्या लढाईच्या खेळांत जे चिमुकले शिपाई असतात, त्यांच्या बैठकीवर चिकटविलेली वाळू, खडे आणि गवत दीर्घकाळ टिकावें कसें, हा तो विषय. परंतु ज्यांच्या घरीं हा खेळ चालतो, त्यांना हंसूं येणार नाहीं. तीन महिने खपून रंगविलेल्या पलटणीखालची जमीन दोन आठवड्यांत पोपडे धरून सुटूं लागली, म्हणजे मुलाचा चेहरा कसा होतो, हें त्यांनीं पाहिलेलें असतें. मुलाचा पहिला उपाय ठरलेला असतो, तो म्हणजे आणखी डिंक. आणि दुसऱ्या खेपेस सुटणारी ढलपी पहिल्यापेक्षां मोठी असते. तेथें पुष्कळांचा छंद संपतो, व एवढ्या श्रमानें केलेलें सैन्य खोक्यांत जाऊन पडतें. असें कां होतें आणि तें कसें टाळावें, हें आज सांगावयाचें आहे. यास लागणाऱ्या वस्तु साध्या आहेत. त्यांच्या मागें पदार्थविज्ञानाचे दोन-तीन नियम आहेत, आणि ते एकदां समजले म्हणजे हा उद्योग दैवाच्या हवालीं राहत नाहीं.

प्रथम खेळाविषयीं थोडें. बुद्धिबळांतील प्यादें ज्या घरांत उभें असतें तें घर नुसतें काळें किंवा पांढरें. तेथें चढ नाहीं, ओढा नाहीं, झाडी नाहीं. खऱ्या लढाईंत मात्र अर्धी लढाई जमीनच लढत असते. ही उणीव भरून काढण्याचा एक मोठा प्रयत्न प्रशियांत झाला. फॉन राइस्विट्झ नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें १८१२ सालीं प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम यास असा खेळ सादर केला, कीं ज्याच्या टेबलावर प्लास्टरचे तुकडे मांडून टेकड्या, नद्या, रस्ते व खेडीं हवीं तशीं रचतां येत. पुढें त्याच्या मुलानें, जो तोफखान्यांत लेफ्टनंट होता, १८२४ सालीं सुधारलेले नियम प्रसिद्ध केले आणि टेबलाऐवजीं १:८००० प्रमाणाचे नकाशे वापरले. सेनेच्या मुख्य कचेरीचा प्रमुख फॉन म्यूफलिंग यास तो खेळ इतका पसंत पडला, कीं अधिकाऱ्यांच्या शिक्षणांत त्याचा उपयोग सुरू झाला.

दिवाणखान्यांतील खेळ म्हणून याला रूप दिलें तें एच्. जी. वेल्स या इंग्रज लेखकानें. विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यानें १८९३ पासून शिशाचे पोकळ ओतीव शिपाई विकावयास आणले होते. ते हलके व स्वस्त असत. वेल्सनें हे शिपाई जमिनीवर मांडून, स्प्रिंगच्या लहानशा तोफेनें ते पाडण्याचे नियम बसविले आणि १९१३ सालीं ‘लिटल वॉर्स’ नांवाचें पुस्तक लिहिलें. खेळांतली लढाई खेळून पाहणाऱ्यास खऱ्या लढाईचा वेडेपणा लवकर कळतो, असें त्याचें मत त्या पुस्तकांत आहे. दुसऱ्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, ही गोष्ट वेगळी. पुढें १९७५ सालीं लंडनमध्यें गेम्स वर्कशॉप ही कंपनी निघाली. तिचें मुख्य ठाणें आज नॉटिंगहॅम येथें आहे. १९८३ सालीं तिनें ‘वॉरहॅमर’ हा खेळ काढला आणि त्या व तशा इतर खेळांचीं प्लॅस्टिकचीं सैन्यें आज जगभर घरोघरीं रंगविलीं जातात.

वेल्सच्या शिपायाच्या पायांखालीं शिशाचीच ओतलेली, हिरवा रंग दिलेली चपटी पट्टी असे. आजच्या सोंगटीचे पाय एका वेगळ्या चकतीवर चिकटवितात. ही चकती पुष्कळदां गोल, २५ किंवा ३२ मिलिमीटर व्यासाची, आणि प्लॅस्टिकची असते. हिला आपण बैठक म्हणूं. बैठकीवर वाळू, रेव, बुचाचे तुकडे, रंगीत भुसा, नायलॉनचें गवत असें कांहीं चिकटवून त्या शिपायाच्या वांट्याची जमीन तयार करतात. माणसाची उंची २८ मिलिमीटर धरली, तर प्रमाण साधारण १:६० चें होतें. या हिशेबानें एक मिलिमीटरचा वाळूचा कण म्हणजे सहा सेंटिमीटरचा दगड, आणि चार मिलिमीटरचें गवत म्हणजे वीतभर वाढलेलें रान. २५ मिलिमीटर व्यासाच्या चकतीचें क्षेत्रफळ पांच चौरस सेंटिमीटरांपेक्षांही थोडें कमी भरतें. एवढ्याशा जागेंत वाळवंट, बर्फ किंवा जळलेलें शेत उभें करावयाचें असतें.

दिवाळींत आपल्याकडे मुलें मातीचा किल्ला करून त्यावर हळीव पेरतात. तो किल्ला जागचा हलत नाहीं आणि त्याचें आयुष्यही चार-आठ दिवसांचें. लंडनच्या नॅशनल आर्मी म्यूझियममध्यें कॅप्टन सायबोर्न यानें केलेली वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृति आहे. ती १८३८ सालीं प्रथम लोकांपुढें मांडली गेली आणि तिच्यावर सत्तर हजारांहून अधिक शिपाई आहेत. परंतु तिला प्रेक्षक हात लावीत नाहींत. खेळांतली सोंगटी मात्र एका संध्याकाळीं दहा-वीस वेळां उचलली जाते, सरकविली जाते, आडवी पडते, आणि शेवटीं डब्यांत इतर सोंगट्यांशीं घासत घरीं जाते. प्रत्येक वेळीं बोटाचें नख तिच्या कडेला लागतें. बोटांचा घाम आणि तेलकटपणाही तेथें पोंचतो. म्हणून दिखाऊ प्रतिकृतीला पुरणारी चिकटवणूक सोंगटीला पुरत नाहीं.

यांतही नखाचा आघात सर्वांत वाईट. भिंतीवर चिकटविलेला कागद मध्यें धरून सरळ ओढला तर सहसा निघत नाहीं. परंतु त्याचा एक कोपरा सुटा सांपडला कीं एका हाताच्या ओढीनें सबंध कागद सोलून येतो. कारण सरळ ओढींत सगळ्या क्षेत्रावर जोर वांटला जातो, आणि सोलण्यांत तो एका बारीक रेषेवर एकवटतो. ती रेषा तुटली कीं जोर पुढच्या रेषेवर जातो. बैठकीवरील वाळूचा थर नेहमीं असाच कडेपासून सोलून निघतो. यावरून पहिला नियम असा निघतो, कीं वाळूचा थर अगदीं कडेपर्यंत किंवा कडेबाहेर जाऊं देऊं नये. कडेला लागलेला डिंक ओला असतांनाच बोटानें पुसून घ्यावा आणि केसभर जागा मोकळी सोडावी. म्हणजे नख लागेल तें प्लॅस्टिकला लागेल, थराच्या कडेला लागणार नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एक वस्तु दुसरीला चिकटते म्हणजे काय होतें? ‘अळवावरचें पाणी’ ही म्हण आपण सर्व जण वापरतों. अळवाच्या पानावर पडलेलें पाणी मोत्यासारखें गोळा होतें आणि पान कललें कीं घरंगळतें. तेंच पाणी पाटीवर टाकलें तर पसरतें. द्रवाच्या थेंबाची कड पृष्ठभागाशीं जो कोन करते, त्याचा विचार टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञानें १८०५ सालीं मांडला. थेंब जितका पसरेल तितका त्याचा पृष्ठभागाशीं संबंध जवळचा. आतां डिंक हाही प्रथम द्रवच असतो. तो ज्या पृष्ठभागावर पसरत नाहीं, त्याच्या बारीक खांचांत शिरत नाहीं, तेथें वाळल्यावर त्याचें एक सुटें कातडें तयार होतें. पृष्ठभागावर तें नुसतें पडून असतें. गुळगुळीत, तेलकट प्लॅस्टिक हें डिंकाच्या दृष्टीनें अळवाचें पान आहे. त्यावर डिंक दुप्पट ओतला तरी अळवाचें पान कांहीं पाटी होत नाहीं.

म्हणून सर्व कामाचा पाया पृष्ठभागाच्या तयारींत आहे. सोंगटीचें प्लॅस्टिक हें बहुधा पॉलिस्टायरीन असतें. रेझीन किंवा धातूच्या सोंगट्याही मिळतात, आणि त्या सांच्यांतून सहज सुटाव्या म्हणून सांच्याला लावलेला तेलकट पदार्थ त्यांच्या अंगावर राहिलेला असतो. तेव्हां प्रथम कोमट पाण्यांत भांडीं घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या दांतांच्या ब्रशानें सोंगटी व बैठक दोन्ही घासाव्या आणि स्वच्छ पाण्यानें धुवाव्या. पाणी फार गरम नसावें, नाहीं तर पातळ भाग वाकतो. सुकल्यावर बैठकीचा वरचा भाग कांचकागदानें एकदां उभा, एकदां आडवा घासावा. डोळ्यांना दिसतील न दिसतील असे चरे पडतात. त्या चऱ्यांत डिंक शिरून तेथें वाळला म्हणजे त्याला मुळ्या फुटल्यासारखें होतें. घासल्यावर पडलेली पूड ओल्या फडक्यानें पुसणें विसरूं नये. पूड राहिली तर डिंक बैठकीला न चिकटतां पुडीला चिकटतो.

यानंतर सोंगटीचे पाय बैठकीवर बसवावे. सोंगटी आणि बैठक दोन्ही पॉलिस्टायरीनचीं असतील तर प्लॅस्टिक जोडण्याचें पातळ सिमेंट मिळतें तें वापरावें. तें खऱ्या अर्थानें डिंक नव्हे. दोन्हींचा पृष्ठभाग क्षणभर विरघळवून तें उडून जातें आणि प्लॅस्टिक प्लॅस्टिकमध्यें मिसळून एकजीव होतें. लोहाराच्या सांध्यासारखा तो सांधा पक्का होतो. मात्र यासाठीं दोन्ही बाजूंचें प्लॅस्टिक उघडें हवें. रंगावर हा उपाय चालत नाहीं. म्हणून पाय आधीं आणि रंग मागाहून. धातूची किंवा रेझीनची सोंगटी असल्यास हें सिमेंट निरुपयोगी होय. तेथें तत्काळ चिकटणारा ग्लू, किंवा दोन नळ्यांतले पदार्थ समप्रमाणांत मिसळून करावयाचा ईपॉक्सी लागतो. जड सोंगटीच्या पायांत हातगिरमिटानें एक बारीक भोंक पाडून तारेचा तुकडा बसवावा आणि ती तार बैठकींतही उतरवावी. सोंगटी आडवी पडली तर धक्का तारेनें सोसावा, डिंकानें नव्हे.

तत्काळ चिकटणाऱ्या ग्लूची हकीगत ऐकण्यासारखी आहे. १९४२ सालीं अमेरिकेंत ईस्टमन कोडॅक कंपनींत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठीं पारदर्शक प्लॅस्टिक शोधीत होते. त्यांना असा एक पदार्थ सांपडला कीं जो हात लागेल त्याला चिकटून बसे. उपद्रवी म्हणून तो बाजूला टाकण्यांत आला. १९५१ सालीं त्याचा गुण लक्षांत आला आणि १९५८ सालीं तो बाजारांत आला. हवेंतील व पृष्ठभागावरील पाण्याचा अंश लागतांच त्याचे रेणु एकमेकांना जोडले जाऊन लांब सांखळ्या बनतात. म्हणूनच तो पातळ थरांत चटकन् धरतो, आणि जाड थरांत आंतून ओला राहतो. त्याचा दोष असा कीं तो कांचेसारखा ठिसूळ असतो. सरळ ओढ तो उत्तम सोसतो. सोलणें आणि धक्का त्याला सोसवत नाहीं. शिवाय त्याची वाफ जवळच्या रंगावर पांढुरकी धूळ बसवते. यास्तव पाय, मोठे दगड व बुचाचे तुकडे यांसाठीं तो योग्य. सबंध बैठकभर वाळू पसरण्यासाठीं नव्हे.

वाळूसाठीं हवा तो पांढरा डिंक, जो आपल्या सुतारांच्या हातीं नेहमीं असतो. फेव्हिकॉल हें त्याचें आपल्याकडील सर्वपरिचित नांव. मुंबईच्या पिडिलाइट कंपनीचा जन्म १९५९ चा. या डिंकाचें मूळ द्रव्य पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. तें फ्रिट्झ क्लाटे या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १९१२ सालीं शोधून काढलें. या द्रव्याचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यांत तरंगत असतात. त्यांवर प्रकाश विखुरतो म्हणून डिंक दुधासारखा दिसतो. पाणी उडूं लागलें कीं गोळे जवळ येतात, एकमेकांवर दाबले जातात आणि शेवटीं मिळून एक पारदर्शक, लवचीक पापुद्रा बनतात. डिंक पांढरा दिसतो तोंवर तो वाळलेला नाहीं, ही खूण मुलांनाही समजते. या डिंकांत सुमारे अर्धा भाग पाणीच असतें. म्हणजे तो जितका जाड लावाल तितका वाळतांना आक्रसणार आणि आक्रसतांना स्वतःलाच बैठकीपासून ओढून सोडविणार. ‘आणखी डिंक’ हा उपाय उलटा कां पडतो, याचें उत्तर येथें आहे.

हवामानाचाही संबंध येतो. इंग्लंडांत पुष्कळ लोक हें काम थंड गॅरेजमध्यें किंवा माळ्यावर करतात. फार थंडींत ते सूक्ष्म गोळे मऊ होऊन एकमेकांत मिसळत नाहींत, आणि पापुद्र्याऐवजीं खडूसारखा ठिसूळ थर तयार होतो. आपल्याकडे थंडीची ती अडचण नाहीं. परंतु मुंबईच्या पावसाळ्यांत हवाच पाण्यानें भरलेली असल्यामुळें डिंकांतील पाणी जावयाचें कोठें? उन्हाळ्यांत दोन-तीन तासांत वाळणारें काम आषाढांत रात्रभर ठेवावें. उलट, तत्काळ चिकटणारा ग्लू दमट हवेंत अधिकच घाई करतो.

आतां प्रत्यक्ष कृति सांगतों. वाळू समुद्रावरची असेल तर ती तीन-चार पाण्यांनीं धुवावी, कारण मीठ हवेंतील ओल ओढून घेतें आणि डिंकाला कोरडें राहूं देत नाहीं. नदीची वाळूही धुवावी. तिच्यांतली बारीक माती हीच पुष्कळदां शत्रू असते. नंतर ती पूर्ण वाळवून चाळावी. बारीक वाळूंत थोडी जाड रेव मिसळली तर जमीन अधिक खरी दिसते. बागेंतील काड्या व पानें वापरावयाचीं असल्यास तीं कडक वाळलेलीं असावीं. ओलीं राहिल्यास बुरशी येते. बैठकीवर अस्तराच्या रंगाचा एक पातळ हात देऊन तो वाळूं द्यावा. मग पांढरा डिंक पाणी न घालतां जुन्या ब्रशानें पातळ व सारखा पसरावा, पायांच्या भोंवतीं नीट पोंचवावा, आणि बैठक वाळूंत दाबावी किंवा वरून वाळू टाकून बोटानें हलकें दाबावें. जास्तीची वाळू एका कागदावर झटकावी. यानंतर सोंगटीला हात लावूं नये.

दुसऱ्या दिवशीं जें करावयाचें, तेंच सामान्यतः राहून जातें. पहिल्या थरानें वाळूचा तळचा कण बैठकीला धरला. पण वरचे कण केवळ शेजाऱ्यांच्या आधारानें उभे आहेत. त्यांना बांधण्यासाठीं एक भाग डिंकांत एक ते दोन भाग पाणी मिसळून त्यांत भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकावा. साबणानें पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि तें पाणी वाळूवर थेंब होऊन न राहतां दोन कणांच्या फटींत आपोआप ओढलें जातें. दिव्याची वात तेल ओढते तोच हा गुण. हें पाणी ब्रशानें घासून लावूं नये. ब्रश नुसता टेंकवावा, वाळू स्वतः तें पिऊन घेते. पुन्हां पूर्ण वाळूं द्यावें. आतां नखानें खरवडलें तरी कण सुटत नाहीं. त्यावर अस्तर, मग रंग, मग झिलईविरहित व्हार्निश. पांढरा डिंक वाळल्यावरही पाण्यानें मऊ होऊं शकतो, म्हणून रंग व व्हार्निश हें त्याचें छत्र समजावें.

गवताचें काम सर्वांत शेवटीं. तें आधीं केल्यास रंगानें आणि व्हार्निशानें चिपकून त्याची चटई होते. हें गवत म्हणजे नायलॉनसारख्या धाग्याचे दोन, चार किंवा सहा मिलिमीटरचे तुकडे. तें पेरण्याचें एक लहान विजेचें यंत्र मिळतें. त्याची एक तार बैठकीवरील ओल्या डिंकाला टेंकवितात, आणि वरच्या जाळींतून गवत पडतें तेव्हां विजेच्या भारामुळें प्रत्येक धागा उभा होऊन डिंकांत रुततो. कंगव्यानें केस उभे राहतात तोच हा प्रकार. धागा उभा राहिला म्हणजे त्याचें केवळ टोंक डिंकांत असतें. म्हणून येथें डिंक वाळूपेक्षां किंचित् जाड हवा, आणि अर्धवट वाळलेला तर मुळींच नको. पृष्ठभाग चकचकीत व्हार्निशाचा असेल तर तो आधीं कांचकागदानें मारावा. वाळल्यावर उलटें करून फुंकर मारावी. सैल धागे पडून जातील, राहिलेले राहतील.

एक संकट पातळ पुठ्ठ्याच्या किंवा लांकडाच्या बैठकीवर येतें. वरच्या बाजूस ओला डिंक, खालची बाजू कोरडी. वाळतांना वरचा थर आक्रसतो आणि बैठक वाटीसारखी वर वळते. वळलेल्या बैठकीवरील थराला तडे जातात. यास उपाय असा कीं पुठ्ठा न घेतां तीन मिलिमीटर जाडीचें लांकूड घ्यावें आणि दोन्ही बाजूंस रंग द्यावा, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी होते.

इतकें करूनही कांहीं सुटलेंच, तर सुटलेला तुकडा फेंकून देऊं नये. तो उलटा करून उजेडांत पाहावा. त्यावर कारण लिहिलेलें असतें. खालची बाजू गुळगुळीत व चकचकीत असेल, तर डिंकानें बैठकीला धरलेंच नव्हतें. तेथें तेल, पूड किंवा न घासलेलें प्लॅस्टिक असा दोष शोधावा. तुकड्यावरही डिंक आणि बैठकीवरही डिंक असेल, तर डिंक स्वतःच मधून फाटला. तो फार जाड लावला गेला किंवा वाळण्यापूर्वीं हाताळला गेला. आणि डिंकांत वाळूच्या कणांचे नुसते खळगे राहिले असतील, तर पातळ डिंकाचा दुसरा हात दिला गेला नाहीं, किंवा वाळूच मळकट होती. पहिल्या दोषावर आणखी डिंक, दुसऱ्यावर आणखी डिंक, तिसऱ्यावर आणखी डिंक, असें केल्यानें तिन्ही दोष जागच्या जागीं राहतात.

ज्यांच्याकडे आजोबांच्या वेळचे शिशाचे शिपाई आहेत, त्यांना एक निराळी सूचना. शिशाचा आणि ॲसेटिक आम्लाचा जुना संबंध आहे. पूर्वीं शिशाचे पत्रे सिरक्याच्या वाफेंत ठेवून पांढरा सफेता करीत. तशीच वाफ कांहीं लांकडांतून, विशेषतः ओकच्या कपाटांतून, निघते, आणि पांढऱ्या डिंकांतूनही तिचा अंश निघूं शकतो. बंद पेटींत ठेवलेल्या शिशाच्या शिपायांवर मग पांढरी भुकटी धरते आणि धातु आंतून खाल्ला जातो. असे शिपाई नव्या बैठकीवर बसवावयाचे तर ईपॉक्सी वापरावा, आणि ते हवा खेळेल अशा ठिकाणीं ठेवावे. शिसें विषारी असल्यामुळें ते लहान मुलांच्या हातीं देऊं नयेत आणि हाताळल्यावर हात धुवावे.

सुरक्षिततेचे आणखी दोन शब्द. तत्काळ चिकटणारा ग्लू कापसाला किंवा सुती कापडाला लागूं देऊं नये. तेथें तो इतक्या वेगानें धरतो कीं उष्णतेनें भाजूं शकतें. बोटें चिकटलीं तर ओढूं नयेत, कोमट साबणाच्या पाण्यांत भिजवून हळू हळू सोडवावीं. डोळ्यांत गेल्यास डोळा कोमट पाण्यानें धूत ताबडतोब डॉक्टरांकडे जावें. ॲसिटोननें हा ग्लू विरघळतो खरा, परंतु त्यानें पॉलिस्टायरीनची सोंगटीही विरघळते, हें ध्यानांत असूं द्यावें. प्लॅस्टिकचें सिमेंट व फवाऱ्याचे रंग खिडकी उघडी ठेवून वापरावे.

तात्पर्य सांगावयाचें तर हें कीं, बैठक टिकते ती धुण्यानें, घासण्यानें आणि थांबण्यानें. यांपैकीं एकालाही पैसे पडत नाहींत. डिंक हा या तिघांचा नोकर आहे. ते आपलें काम करतील तर तो इमानानें राहील. मुलांना घासणें आवडत नाहीं आणि थांबणें तर त्याहून नाहीं. अशा वेळीं वडील माणसांनीं एवढेंच करावें कीं, एक बैठक घाईनें आणि एक रीतीनें, अशा दोन बैठका मुलाकडून करवाव्या आणि आठ दिवसांनीं दोहोंच्या कडेला त्याचेंच नख लावावयास सांगावें. पुढें बोलावें लागत नाहीं.

राइस्विट्झच्या टेबलावर जमीन एका जागीं होती आणि सैन्य तिच्यावरून चालत होतें. आजचा प्रत्येक शिपाई आपल्या वांट्याची जमीन पायांशीं घेऊन चालतो. ऐन लढाईंत ती त्याच्या पायांखालून सरकूं नये, एवढी व्यवस्था त्याला रंगविणाऱ्या हातांनीं आधींच करून ठेवावी, आणि काम झालें कीं दिवा मालवून सकाळपर्यंत त्याला कोणी हात लावूं नये.